कुत्राच ना तो?

आमच्या घरी हल्ली समाचाराला येणाऱ्या मंडळींचे दोन वर्ग झाले आहेत. पहिल्या वर्गातली माणसे आईच्या प्रकृतीची चौकशी करतात, चहा घेतात आणि उठता उठता कोपऱ्यात पहुडलेल्या मोतीकडे पाहून, "याला काय झालंय म्हणे?" असे विचारतात. दुसऱ्या वर्गातली माणसे आल्या आल्या मोतीचाच विषय काढतात. पण अशा सुरात, की या वयात मी काही भलताच नाद लावून घेतला आहे आणि तो नुकताच चारचौघांत उघडकीला आला आहे. दोन्ही वर्ग अखेर एकाच वाक्याशी येऊन थांबतात. "अहो, पण कुत्राच ना तो?"

गेल्या तीन महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता दाराची घंटा वाजली की तेच कानात वाजू लागते. याला उत्तर तरी काय द्यावे? तो कुत्रा आहे हे खरेच. मी त्याला ऐरावत कधी म्हटले नव्हते. शिवाय वेळेवर उत्तर सुचण्याची देणगी मला नाही; मला सुचते ते पाहुणे जिना उतरून गेल्यावर. तेव्हा संपादकांनी दिवाळी अंकासाठी "काहीतरी खुसखुशीत द्या" म्हटले, त्या संधीचा फायदा घेऊन सगळ्या पाहुण्यांना मिळून हे एकच लेखी उत्तर देत आहे. खुसखुशीतपणासाठी वाचकांनी कृपा करून फराळाच्या ताटाकडे वळावे.

आधी हकिगत सांगतो. मोती जातीने बॉक्सर. वय साडेसहा वर्षे, वजन २९ किलो, चेहरा कायम काहीतरी हरवल्यासारखा. मुलीच्या मनात त्याचे नाव काही विलायती ठेवायचे होते. पण आईने, "कुत्र्याचं नाव मोती. दुसरं ठेवायचं असेल तर दुसरी आजी शोधा," असे बजावले आणि तो प्रश्न मिटला. तेव्हापासून दिवाळीत आमच्या घरी दोन मोती असतात. एक न्हाणीघरात साबणाच्या वडीच्या रूपाने, आणि दुसरा न्हाणीघराला भिऊन पलंगाखाली.

गेल्या आषाढातली गोष्ट. संध्याकाळी मुलगी ऑफिसातून परतली. तिची चाहूल जिन्यावर लागली की मोती दाराकडे झेप घेतो, हा साडेसहा वर्षांचा नेम. त्या दिवशीही घेतली. आणि अर्ध्या वाटेत, फुंकर मारून दिवा विझवावा तसा तो खाली कोसळला. अंग सैल, डोळे उघडे, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. सौ.ने देवाचे नाव घेतले, मी पाणी आणायला धावलो, मुलगी दारातच खिळून उभी राहिली. पाण्याचे भांडे घेऊन मी परत येईपर्यंत स्वारी उठून उभी होती, आणि मध्येच राहिलेले काम, म्हणजे मुलीचे हात चाटण्याचे, पुरे करत होती. त्याला काही झाल्याचे त्याच्या गावीही नव्हते. आमचे हात मात्र तासभर कापत होते.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही प्रथम गेलो त्यांनी हकिगत ऐकून "फिट आली असेल" म्हणून सांगितले आणि फिटेच्या गोळ्या दिल्या. तीन आठवडे त्या गोळ्यांनी मोती झोपाळलेला राहिला, आणि झोपाळलेला असूनही आणखी दोनदा पडला. दुसऱ्या खेपेला मुलीने प्रसंगावधान राखून मोबाइलवर त्याचे चित्रण केले. ते चित्रण मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, "ही फिट दिसत नाही. ही घेरी आहे. आपण हृदय तपासू." हा फरक कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फिट आलेला कुत्रा बहुधा ताठरतो, पाय झाडतो, तोंडाला फेस येतो, आणि शुद्धीवर आला तरी बराच वेळ भांबावलेला असतो. हृदयाच्या दोषाने पडलेला कुत्रा बहुधा एकाएकी सैल होऊन पडतो आणि काही सेकंदांत उठून चालू लागतो. सांगणाऱ्याच्या घाबरलेल्या जिभेपेक्षा अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते.

डॉक्टरीणबाईंनी नळी माझ्या कानाला लावून मोतीचे हृदय मला ऐकवले. ठोके कधी भराभर, कधी संथ. मी घाबरून विचारले, "हाच ना तो बिघाड?" त्या हसल्या. "हा बिघाड नाही. कुत्र्याचं निरोगी हृदय असंच चालतं. श्वास घेताना वेग वाढतो, सोडताना कमी होतो." म्हणजे मला जे ऐकू आले ते आरोग्य होते, आणि रोग होता तो ऐकूच आला नाही! दोन मिनिटांच्या ईसीजीतही तो सापडला नाही. चोर आपल्या सवडीने येतो, गस्तवाल्याच्या नाही. म्हणून मोतीच्या छातीवरचे केस भादरून तारा चिकटवल्या, वरून एक जाकीट चढवले आणि आगपेटीएवढे यंत्र त्यात बसवून त्याला २४ तासांसाठी घरी पाठवले. त्या यंत्राला होल्टर म्हणतात. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ते पहिल्यांदा बनवले तेव्हा त्याचे वजन ३८ किलोंच्या आसपास होते आणि ते माणसाला पाठीवर वाहावे लागे. मोतीवर ही पाळी आली नाही. मला मात्र दिवसभर वही घेऊन त्याच्यामागे फिरावे लागले: ७ वाजून १० मिनिटे, फिरायला गेला, ७ वाजून ४० मिनिटे, दूधवाल्यावर भुंकला, ९ ते ११, झोपला.

अहवाल आला. दिवसाकाठी कुत्र्याच्या हृदयाचे लाखभर ठोके पडतात. त्यांत एखाद-दुसरा ठोका अवेळी पडला तर कोणी मनावर घेत नाही. बॉक्सरच्या बाबतीत असे ठोके शंभराच्या पुढे गेले की डॉक्टरांना शंका येऊ लागते. मोतीचा आकडा होता ६,२१८.

या रोगाचे वर्णन १९८० च्या दशकाच्या आरंभी नील हार्प्स्टर या अमेरिकन पशुवैद्याने केले. हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत असते, तिच्यातला स्नायू हळूहळू नाहीसा होतो आणि त्या जागी चरबी आणि चामट तंतू भरत जातात. हृदयाला ठोका देणारी विजेची लहर मग तिथे वाट चुकते. तबलजी ठेका धरून बसला असताना शेजारच्याने मध्येच तबल्यावर थाप मारावी, तसा तो अवेळी ठोका. एक थाप पडली तर गाणे बिघडत नाही. पण अशा थापा एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत न देता पडू लागल्या, की हृदयाला रक्त भरून घ्यायला वेळच मिळत नाही, मेंदूला रक्त पोचत नाही, कुत्रा पडतो. कधी उठतो, कधी उठत नाही. आणि या थापांना ऊत येतो तो उत्तेजनेने, अंगात सुटणाऱ्या ॲड्रेनॅलिनने.

डॉक्टरीणबाईंनी हे समजावून सांगितले तेव्हा मुलगी एकदम रडू लागली. मला क्षणभर कारण कळले नाही. मग कळले. मोती पडत होता तो तिला पाहून होणाऱ्या आनंदाने.

ही झाली हकिगत. आता आक्षेपकांकडे वळतो.

पहिला आक्षेप पैशाचा. होल्टर, हृदयाची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या मिळून चौदा हजार रुपये झाले. गोळ्यांना महिन्याला अठराशे पडतात. हा हिशेब मी लपवला नाही, हीच माझी चूक झाली. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक सद्गृहस्थ राहतात. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पा म्हणाले, "एवढ्या पैशांत एखाद्या गरीब मुलाची वर्षाची फी भरून झाली असती हो!" खरे आहे. भरून झाली असती. पण अप्पांच्या दिवाणखान्यात गेल्या पाडव्याला भिंतीएवढा टीव्ही आला, तेव्हा हा गरीब मुलगा कोठे होता? अप्पांच्या नातवाच्या वाढदिवसाला हॉल घेतला होता, तेव्हा तो कोणत्या गावाला गेला होता? आमच्यात गरीब मुलाची आठवण होते ती फक्त दुसऱ्याचा खर्च मोजताना. मी अप्पांना विचारले, "यंदा आपण दोघं मिळून एकाची फी भरू या का?" अप्पांना एकाएकी गिरणीत टाकलेल्या दळणाची आठवण झाली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ज्याच्या घरी औषध की भाकरी असा प्रश्न आहे, त्याच्याशी माझा वाद नाही. त्याने कुत्र्यासाठी होल्टर लावला नाही म्हणून त्याला कोणी निर्दय म्हणेल, तर त्या म्हणणाऱ्याशी मी भांडेन. माझा वाद आहे तो, ज्यांच्या खिशाला हे सोसते पण ज्यांच्या प्रतिष्ठेला सोसत नाही अशांशी. टीव्हीवर उधळलेला पैसा शोभतो, आणि जिवावर खर्चलेला हास्यास्पद ठरतो, हा कोणत्या गावचा व्यवहार?

आणि देण्याघेण्याचीच भाषा करायची, तर माणसाच्या हृदयाने कुत्र्याचे किती देणे आहे हे तरी एकदा मांडू. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर नावाचे शास्त्रज्ञ होते. माणसाच्या हृदयातील विजेची नोंद शरीराला धक्का न लावता प्रथम त्यांनी केली, १८८७ साली. त्यांचा जिमी नावाचा एक बुलडॉग होता. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून जिमी शांतपणे उभा राही आणि त्याच्या हृदयाची हालचाल यंत्रावर दिसे. १९०९ साली रॉयल सोसायटीच्या मेळाव्यात हा प्रयोग झाला, आणि कुत्र्याचा छळ झाला म्हणून पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. समुद्रात पाय बुडवून उभे राहण्यापलीकडे यात काही नाही, अशा आशयाचे उत्तर गृहमंत्र्यांना द्यावे लागले. आज अप्पा दर सहा महिन्यांनी जो ईसीजी काढून घेतात, त्याच्या बालपणी त्याच्यासमोर पाय भिजवत उभा राहिला होता तो एक कुत्राच.

जिमीचे फक्त पाय भिजले. सगळ्यांच्या वाट्याला एवढ्यावर सुटका आली नाही. जन्मतः हृदयात दोष असलेली, ओठ-नखे निळी पडणारी मुले पूर्वी डोळ्यांदेखत जात. त्यांच्यावरची शस्त्रक्रिया अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे १९४४ साली प्रथम झाली. त्याआधी व्हिव्हियन थॉमस या विलक्षण कुशल हाताच्या माणसाने ती प्रयोगशाळेत कुत्र्यांवर करून पाहिली होती. त्यांतून जगलेल्या अ‍ॅना नावाच्या कुत्रीचे चित्र त्या संस्थेने सन्मानाने लावले आहे. इन्शुलिनचे तेच. १९२१ साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले ते कुत्र्यांच्याच जिवावर. या प्रयोगांची नीती हा वेगळा आणि अवघड विषय आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, आमच्या घरोघरीच्या हृदयविकारासाठी आणि मधुमेहासाठी कुत्र्याने जीव दिला तेव्हा "माणूसच ना तो?" असे विचारण्याची सोय त्याला नव्हती.

बरे, विलायतेतल्या गोष्टी राहू द्या. आपल्या घरातल्याच घ्या. गंगेच्या पाण्याची कावड रामेश्वराला नेत असता वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला नाथांनी ते पाणी पाजले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. तिच्यात चार कुत्री आहेत. आई रोज त्यांनाही गंध लावते. पण तसबिरीतल्या कुत्र्याला गंध आणि पलंगाखालच्या कुत्र्याला गोळी यांत पहिली भक्ती आणि दुसरा वेडेपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी नाथांची गोष्ट मुलांना सांगणे तरी बंद करावे. की सांगताना एक प्रश्न जोडावा: "पण बाळांनो, गाढवच ना ते?"

दुसरा आक्षेप अधिक मऊ आवाजात येतो. "आता त्याचं काही खरं नाही. देवावर सोडा. नाहीतर सरळ झोपेचं इंजेक्शन द्या. सुटेल बिचारा." यातला 'बिचारा' हा शब्द मला विशेष झोंबतो. मोती बिचारा नाही. दोन घेऱ्यांच्या मधल्या काळात त्याला कसली वेदना नसते. तो जेवतो, फिरतो, मांजरीशी जुने वैर चालवतो. डॉक्टरीणबाईंनी मला साफ सांगितले आहे: सोटॅलॉलच्या गोळ्यांनी अवेळी ठोके कमी होतात, घेऱ्या थांबू शकतात, पण एके दिवशी अचानक जाण्याचा धोका टळलाच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. असे कितीतरी बॉक्सर औषधावर वर्षानुवर्षे बरे राहतात, आणि एखादा उद्याही जातो. मला हा सौदा मान्य आहे. अप्पांना स्वतःच्या बाबतीत याहून चांगली हमी कोणी दिली आहे काय? उद्या मोतीला श्वास घेणे जड झाले, उठणे कठीण झाले आणि उपाय संपले, तर इंजेक्शनाचा विचार मीच आधी करीन. पण ते त्याच्या वेदनेसाठी असावे; वाट पाहणे आपल्याला सोसत नाही म्हणून नव्हे.

याच पोटातला तिसरा प्रकार म्हणजे घरगुती वैद्यकी. माझे एक मामेभाऊ अर्जुनाच्या सालीची पुडी घेऊन आले. दुसऱ्या एका नातलगांनी सुचवले, "आत्यांच्या हृदयाच्या गोळ्या घरात आहेतच, त्यांतली अर्धी देऊन पाहा." आईच्याही हृदयाचा ताल दोन वर्षांपूर्वी बिघडला आहे, तिच्या गोळ्या चालू आहेत. पण रोगाचे नाव एकाच कुळातले म्हणून गोळी एकच होत नाही. माणसाच्या डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. सोटॅलॉल हे औषध माणसांचेच. परंतु किती द्यायचे ते वजन पाहून, तपासणी करून पशुवैद्यानेच ठरवायचे असते. आणि ते आपल्या मनाने एकदम बंदही करायचे नसते.

येथवर वाचून आमच्यासारखेच कुत्रे पाळणारे वाचक खूश झाले असतील. त्यांनाही आता दोन शब्द सुनावतो, कारण त्यांत मीही आहे.

निदान झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस मी वेड्यासारखा वागलो. रात्री दोनदा-तीनदा उठून मोतीच्या छातीवर हात ठेवून मी ठोके मोजत असे. एक ठोका चुकल्यासारखा वाटला की माझाच जीव वरखाली होई. त्याला जिना उतरू द्यायचा नाही, मांजर दिसू द्यायची नाही, अंगणात सोडायचा नाही, असा पहारा मी बसवला. तो उदास दिसू लागला तेव्हा रोग बळावला म्हणून मी दवाखान्यात धावलो. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासले आणि मला विचारले, "काका, तुम्ही रात्री त्याला किती वेळा उठवता?"

मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी मला नेमून दिले ते असे: तो गाढ झोपलेला असताना, हात न लावता, मिनिटभर छातीचे उठणे-बसणे मोजायचे. आकडा तिसाच्या आत असला की वहीत लिहून दिवा मालवायचा. तिसाच्या वर राहू लागला, तर फोन करायचा. गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला. घेरी आली तर तारीख, वेळ आणि आधी काय चालले होते, याची नोंद. फिरणे बंद नाही, धावणे-झुंजणे बंद. एवढेच. त्या दिवसापासून मी ओळखून आहे की माझ्या रात्रीच्या जागरणातला बराचसा भाग माझ्या भीतीसाठी होता, मोतीसाठी नव्हता. कुत्र्याला 'आमचं बाळ' म्हणून वाढदिवसाला केक भरवणारी आणि गोळीची वेळ चुकवणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्यात आणि अप्पांत मला फार अंतर दिसत नाही. कुत्र्याला कुत्र्यासारखे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

आणि सर्वांत कडू गोष्ट शेवटी सांगतो. मोती मी विकत घेतला तो चेहरा पाहून. जाहिरातीत फोटो होता. चपटे नाक, रुंद छाती. विक्रेत्याला मी रंग विचारला, किंमत विचारली, कागदपत्रे विचारली. त्याच्या आईबापांचे हृदय कोणी तपासले होते का, हे विचारण्याचे माझ्या डोक्यातही आले नाही. हा रोग पुष्कळदा वंशातून येतो. २०१० साली बॉक्सरमधल्या या रोगाशी संबंध असलेला एका जनुकातला दोष अमेरिकेत सापडला. तो असलेला प्रत्येक कुत्रा आजारी पडतोच असे नाही, पण पिल्ले काढण्याआधी नर-मादीची तपासणी करता येते हे खरे. आपल्याकडे कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले; पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, दप्तर ठेवावे असे त्यांत आहे. पण नियम कागदावर, आणि बाजार आपल्यासारख्यांच्या हौसेवर चालतो. डोबरमन हवा तो रुबाबासाठी, पग हवा तो मौजेसाठी. डोबरमनच्या हृदयाचा स्नायू पातळ होत जातो आणि पगला सुखाने श्वास घेता येत नाही, हे नंतर कळते; कळले की अनेक जण त्याला रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. तेही मनाशी हेच म्हणत असतील, "कुत्राच ना तो?" मी तेवढा खाली गेलो नाही, पण आरंभ माझाही तिथूनच झाला. म्हणून मोतीच्या गोळ्यांचे पैसे मोजताना मला दानशूर असल्यासारखे वाटत नाही. सहा वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारायला हवा होता, तो न विचारल्याची ही थकबाकी आहे.

आता दिवाळी आली आहे. नेपाळात तिहार नावाचा सण असतो. आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमारास तिथे कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. आपण त्याच पहाटे त्याच्या शेपटीशी लवंगी लावतो. हे करणारी मुले वाईट नसतात. गॅलरीत उभे राहून हसणारी मोठी माणसे त्यांना शिकवत असतात.

मी फटाक्यांचा शत्रू नाही. भुईचक्रे, फुलबाजे माझ्याही बालपणी होते. पण माणसाच्या कानाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, तर कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. त्या कानाशी ॲटमबाँब फुटला की निरोगी कुत्रासुद्धा पलंगाखाली थरथरतो. मोतीच्या हृदयात तर आधीच वाट चुकलेली लहर भटकते आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजी फटाक्यांना मनाई केली, २०१८ साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. न्यायालयाने हे केले ते तान्ह्या मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी. म्हणजे माझ्या आईसाठी. मोतीला त्यात फुकट आसरा मिळतो, एवढेच. तेव्हा अप्पांना आणि सोसायटीतल्या सर्वांना माझी जाहीर विनंती आहे: दिवे लावा, रांगोळ्या काढा, आवाज न करणारे जे उडवायचे ते उडवा, दहा हजारांची माळ मात्र यंदा आमच्या जिन्याखाली लावू नका. आणि समाचाराला याल तेव्हा प्रेमाने मोतीच्या तोंडात बेसनाचा लाडू घालू नका. त्यातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घात करू शकतो. कुत्राच आहे तो. म्हणूनच ही काळजी घ्यायची.

गणपती उठल्यावर मोतीला पुन्हा होल्टर लावला. या वेळी आकडा आला ७४०. डॉक्टरीणबाईंनी लगेच सांगितले की हा आकडा दिवसादिवसाला आपोआपही वरखाली होतो, तेव्हा पेढे वाटू नका. मी पेढे वाटले नाहीत. पण गेल्या आठ आठवड्यांत त्याला एकही घेरी आलेली नाही, हे वहीत लिहिलेले आहे.

आमच्या घरात आता रात्री आठ वाजता एक लहानसा विधी होतो. आई दोन डब्या घेऊन बसते. एकीत तिच्या गोळ्या, दुसरीत मोतीच्या. पूर्वी ती स्वतःची गोळी हटकून टाळायची, "विसरले" म्हणायची. आता विसरत नाही, कारण आठ वाजले की मोती येऊन तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवतो. गोळी पोळीच्या तुकड्यात घालून ती आधी त्याला देते, मग आपली घेते. परवा अप्पा नेमके त्याच वेळी आले होते. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि सवयीने तोंड उघडले. आई त्यांना म्हणाली, "अप्पा, त्याचं हृदय बिघडलंय आणि माझंही. आम्ही दोघं एकमेकांच्या वेळा सांभाळतो. तुम्ही चहा घेणार ना?"

अप्पांनी चहा घेतला. जाताना त्यांनी मोतीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. काही बोलले नाहीत.

मुलगी संध्याकाळी घरी येते तेव्हा घंटा वाजवत नाही. किल्लीने दार उघडते, मोतीकडे न पाहता आत येते, पिशवी ठेवते, खुर्चीत बसते. घरी आल्याचा आनंद न दाखवता घरी येणे तिला पहिल्या आठवड्यात फार जड गेले. दारामागे उभी राहून ती डोळे पुसत असे. आता दोघांनाही सवय झाली आहे. मोती उठतो, सावकाश चालत तिच्याकडे जातो, शेपूट हलवतो आणि तिच्या पायाशी बसतो. तो बसला, की मगच ती खाली वाकते.